गळती कुणाच्या हातची

श्यामरावांची गाडी गळते, हे रावेतच्या त्यांच्या सोसायटीत शेंबड्या पोरांनासुद्धा ठाऊक झालं होतं. पार्किंगला नव्या कोऱ्या टाइल्स, आणि त्यांवर रोज सकाळी पुरणपोळीएवढा काळा डाग. सेक्रेटरीने त्या डागाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली नुसते हात जोडले. झालं! श्यामराव दोन दिवस लिफ्टने जाईनात, जिन्याने उतरायला लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी विकायला काढली.

आता गळकी गाडी विकायची म्हणजे काय करायचं, हे भोसरीपासून चाकणपर्यंत कुणालाही विचारा, तोंडपाठ सांगेल. इंजिन डिझेलने धुऊन चकाचक करायचं. आत दाट ऑइल भरायचं. गिऱ्हाईक येईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. दोन दिवस थेंब म्हणून पडत नाही, आणि तिसऱ्या दिवशी पडला तर तो नव्या मालकाच्या दारात पडतो. श्यामरावांनाही चार जणांनी हेच सुचवलं. पण हा माणूस तीस वर्षं कंपनीच्या ड्रॉइंग विभागात मान खाली घालून बसलेला. लबाडी करायची म्हटली तरी त्यांचे कान लाल व्हायचे. म्हणून त्यांनी गाडी आहे तशी, गळत्या पोटाची, रविवारी सकाळी दिघीला चांदभाईच्या गॅरेजवर आणली आणि गिऱ्हाइकालाही तिथेच बोलावलं.

चांदभाईचं गॅरेज म्हणजे लष्कराच्या भिंतीसमोर पत्र्याची शेड, आत एक खड्डा, बाहेर कडुनिंबाखाली प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीत चांदभाई. या भागात जुनी गाडी घेणाऱ्यांची एक रीत होती. सौदा ठरला की गाडी चांदभाईकडे आणायची. भाई बॉनेट उघडायला सांगायचे, कान लावायचे, नाकाने हुंगायचे, चार प्रश्न विचारायचे आणि सगळं पटलं तर बॉनेट लावून त्यावर उजवा तळवा ठेवायचे. बस्स. भाईंनी हात ठेवला म्हणजे सहा महिने त्या गाडीला काही झालं तर ती भाईंची जबाबदारी. लिहिणं नाही, सही नाही. त्या हाताच्या भरवशावर कितीतरी गाड्यांनी मालक बदलले होते.

आणि आता खरी गोष्ट. गेली दोन वर्षं त्या गॅरेजमधलं एकही इंजिन चांदभाईंनी उघडलं नव्हतं. उघडत होती त्यांची मुलगी आरफा.

आरफा सव्वीस वर्षांची. आयटीआयला मोटर मेकॅनिक केलेली, चाकणला एका कंपनीत इंजिन जोडायच्या लाइनवर तीन वर्षं कंत्राटावर उभी राहिलेली. अब्बांच्या साखरेने डोळ्यांवर घाला घातला तेव्हा ती काम सोडून घरी आली. चांदभाईंना माणूस दिसायचा तो नुसता सावलीसारखा. गाडी कुठल्या रंगाची आहे तेही ते दाराच्या आवाजावरून मालक ओळखून, मागच्या आठवणीतून सांगायचे. पण हे कुणाला कळता कामा नये, असा त्यांचा हुकूम. "आंधळ्या मिस्त्रीकडं कोण येतंय गं?" ते म्हणायचे. मग आरफा खड्ड्यात उतरायची, काय बिघडलंय ते शोधायची, हळूच येऊन अब्बांच्या कानात सांगायची, आणि अब्बा तेच खणखणीत आवाजात गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, वा भाई, तुमच्यासारखा हात नाही. आरफा बाजूला उभी राहून फडक्याने बोटं पुसायची. पहिले सहा महिने तिला त्याचं काही वाटलं नाही. बापाची इज्जत आपणच राखायची, यात काय एवढं! पण माणूसच ते. पुढे पुढे ते "वा भाई" तिला घशात अडकायला लागलं.

त्या रविवारी गिऱ्हाईक म्हणून आली विजयश्री. तळेगाव दाभाड्याची, तिशीतली, चाकणच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर कामाला. सोबत तिचे मामा जयसिंग. या मामांचा धंदा जुन्या गाड्यांच्या मध्यस्थीचा. मोशीला दोस्ताच्या मोकळ्या जागेत त्यांनी एक गाडी भाचीसाठी आधीच हेरून ठेवली होती, आणि भाचीने ती सोडून परस्पर श्यामरावांची पसंत केली म्हणून मामांचं डोकं सकाळपासून फिरलेलं.

जयसिंगमामांनी आल्या आल्या गुडघे टेकून गाडीखाली डोकं घातलं आणि तिथूनच ओरडले, "अरारारा! विजे, हिकडं बघ. न्हाणीघर झालंय न्हाणीघर! इंजिनाचा खालचा जोड गळतोय. इंजिन उतरवावं लागंल, दुसरं काय न्हाई."

श्यामरावांचे कान लाल. "मी लपवलं नाही हो. मी स्वतः फोनवर सांगितलं होतं त्यांना, गळतेय म्हणून."

"सांगितलं होतं," विजयश्री म्हणाली. "म्हणूनच तर आले. न सांगणारे तीन जण भेटले आधी."

"सांगून गळती थांबती का?" मामा उठून हात झटकत म्हणाले. "भाई, तुम्हीच बोला. ठेवताय का हात?"

चांदभाई खुर्चीतून उठले. तोवर बॉनेट उघडून बघून आलेली आरफा त्यांच्या कानाशी गेली. रोजच्यासारखंच तिने हळू आवाजात सांगितलं, वरच्या टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या झाकणाचं, पॅकिंग कडक झालंय, तिथून तेल मागच्या अंगाने ओघळून खाली जमतंय, खालून काही नाही. चांदभाईंनी मान डोलावली, घसा खाकरला आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मामा हसले.

"काय सांगतीय पोरगी? भाई, तुमच्या नावावर गॅरेज चाललंय, हिला कशाला इंजिनात हात घालू देता? लगीन लावून द्या तिचं. बायामाणसानं बॉनेटखाली डोकं घातलं की गाडीचा भाव निम्मा होतो."

आरफाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"मामा, गाडी वरून गळतीय," ती मोठ्याने म्हणाली. "तुम्ही बघितलं खाली, कारण थेंब खाली पडतो. पाणी गच्चीवरून झिरपलं तरी ओल तळमजल्याच्या भिंतीला येते. म्हणून काय पाया खणता?"

"आरफा," चांदभाई दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही अब्बा. आज मला बोलू द्या. इंजिन धुते, सुकवते, सगळ्या जोडांवर पांढरी पावडर मारते. गाडी मोशीपर्यंत फिरवून आणू. तेल जिथून निघेल तिथली पावडर काळी होईल. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. आणि वरून गळती निघाली, तर बॉनेटवर हात मी ठेवणार. अब्बा नाही."

कडुनिंबाखाली चहा पीत बसलेले दोघं-तिघं उठून जवळ आले. चांदभाईंचा चेहरा उतरला. चार लोकांत पोरीने बापाचा हात बाजूला सारला, यापेक्षा मोठा पाणउतारा त्यांना माहीत नव्हता.

"आणि न्हाई निघाली वरून तर?" मामांनी विचारलं.

"तर तुम्ही म्हणाल ते."

"मला चालेल," विजयश्री म्हणाली आणि बॅग खांद्यावरून उतरवून श्यामरावांच्या शेजारी स्टुलावर बसली.

आरफाने इंजिन ब्रशने घासून धुतलं, कंप्रेसरच्या हवेने सुकवलं, आणि घरातून आणलेल्या पावडरच्या डब्यातली अर्धी पावडर टॅपेट कव्हरखाली, बाजूच्या जोडांवर, खाली इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे मिळतात तिथे, सगळीकडे फुंकली. गाडी पावडर थापलेल्या बाळासारखी दिसायला लागली. श्यामरावांना त्याही परिस्थितीत हसू आलं.

गाडी आरफाने चालवली. शेजारी विजयश्री, मागे मामा आणि श्यामराव. भोसरीच्या पुलाखालून नाशिक रस्त्याला लागल्यावर विजयश्री म्हणाली, "आम्ही चौघी जणी तळेगावातून एकत्र जाणार आहोत. कंपनीची बस आमच्या बाजूला येत नाही. पहाटे पाचला त्या चाकणच्या रस्त्यावर गाडी बंद पडली ना, तर ट्रक सोडून दुसरं काही नसतं. मला स्वस्त नकोय. मला खरं काय ते हवंय."

"खरंच सांगेन," आरफा म्हणाली. किती सहज म्हणाली! अजून अर्ध्या तासाने ते किती महाग पडणार आहे, हे तिला तेव्हा कुठं माहीत होतं.

परत आल्यावर तिने गाडी खड्ड्यावर घेतली आणि बॉनेट उघडलं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडरवर बोटाच्या रुंदीची काळी रेघ उमटली होती. आरफाने टॉर्च मारला. "बघा!"

श्यामरावांनी टाळी वाजवली. विजयश्री वाकून बघू लागली. रेघ वीतभर खाली आली होती आणि तिथेच थांबली होती. त्याखालची पावडर कोरडी, पांढरीशुभ्र. जयसिंगमामा तोंड वाकडं करून उभे होते.  हात ठेवायला आरफा पुढे झाली, आणि मग थबकली. तपासणी पूर्ण करायची सवय. चाकणच्या लाइनवर तिला तेच शिकवलं होतं, एक दोष सापडला म्हणून पुढचं बघायचं सोडायचं नाही. ती खड्ड्यात उतरली.

खाली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाशी, पावडर भिजून काळी झाली होती. वरची रेघ तिथपर्यंत पोचलीच नव्हती. म्हणजे हे तेल वरचं नव्हे. हे आतून येत होतं, क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून, तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून. आणि ते सील कुणी बसवलं होतं? फेब्रुवारीत याच गाडीचा क्लच बदलताना गिअरबॉक्स खाली उतरवून, इथेच या खड्ड्यात, आरफाने. त्या दिवशी तीन गाड्या उभ्या होत्या, लाईट जात-येत होती, आणि सील एका बाजूने किंचित तिरकं बसलंय की काय अशी शंका तिला तेव्हाच आली होती. बसेल नीट, म्हणून तिने वर गिअरबॉक्स चढवला होता.

 खड्ड्यातून वर न येता ती तशीच उभी राहिली. वर कुणी पाहिलेलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम, फडक्याने पुसलं की पुसलं. पण मामा काय कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते खड्ड्याच्या कडेला उताणे पडले आणि त्यांनी मोबाइलचा उजेड थेट जोडावर टाकला.

"हे काय मग?" ते किंचाळले. "आं? हे काय? वरून गळतंय म्हणं! हिकडं खाली तळं साचलंय! श्यामराव, क्लच कुणी केलावता?"

"चांदभाईंनीच," श्यामराव चाचरत म्हणाले. "फेब्रुवारीत."

"म्हंजी सील भाईंनीच बसवलं." मामा उठले, कपडे झटकले, आणि आता त्यांच्या आवाजात लोणी आलं. "भाई, वय झालं तुमचं. हात थरथरायला लागला की माणसानं थांबावं. लोकांनी तुमच्या हाताकडं बघून गाड्या घेतल्या, आणि तुमी सीलबी धड बसवत न्हाई?"

सगळे चांदभाईंकडे बघायला लागले. चांदभाईंनी सावल्यांकडे तोंड फिरवलं. आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, "व्हय. माझ्याच हातून झालं आसंल."

आरफाने खड्ड्यातून हे ऐकलं, आणि तिला रडू नाही आलं, संताप आला. अब्बांचा, मामांचा, स्वतःचा, सगळ्यांचा. दोन वर्षांची शाबासकी अब्बांना गेली, जाऊ दे, तिने स्वतःच्या हाताने दिली होती. पण चूकसुद्धा? तिच्या हातची, तिच्या घाईची चूक, तीही अब्बाच घेणार? मग या गॅरेजमध्ये तिचं असं काय होतं? फडकं?

ती वर चढली. कोपरापर्यंत काळी, केसांत पावडर.

"ते सील मी बसवलं," ती म्हणाली.

"आरफा, गप बस," चांदभाई म्हणाले.

"मी बसवलं. घाईत बसवलं, तिरकं बसवलं, शंका आली तरी उघडून बघितलं नाही. अब्बांनी त्या गाडीला हातसुद्धा लावला नाही. आणि फक्त तीच नाही. दोन वर्षांत या शेडमधून बाहेर पडलेली प्रत्येक गाडी मी केलीय. ज्यांना तुम्ही 'वा भाई' म्हणालात ना, ती सगळी कामं माझी. ही चूकपण माझी. माझ्या चुकीला माझ्या बापाचं नाव लावायचं नाही, सांगून ठेवते!"

 

"आन् मग भाई काय करत व्हते दोन वर्षं?" मामांनी विचारलं.

याचं उत्तर आरफाकडे होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही. पण डोळ्यांची गोष्ट अब्बांची होती, तिची नव्हती. 

जयसिंगमामांनी सावकाश मान हलवली. "म्हंजी भाईंनी हात ठेवला त्या सगळ्या गाड्यांत पोरीचं काम. लोकांना कळायला पायजे हे."

"सांगा की!" आरफा कडाडली. "तुमच्या त्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाका. ओरडून सांगा. आणि पुढं हेपण सांगा, ज्याला वाटतं आपली गाडी बिघडलीय त्यानं उद्या सकाळी इथं आणावी. एकेक उघडून दाखवते. फुकट. चूक निघाली तर त्याच्यासमोर 'माझी' म्हणेन."

मामा खिशातून मोबाइल काढतच निघाले. विजयश्री जाताना थोडी थांबली, आरफाच्या काळ्या हातांकडे बघितलं आणि मामांच्या मागे गेली. श्यामराव बिचारे गाडी तिथेच ठेवून रिक्षाने रावेतला गेले.

चांदभाईंनी लेकीला एवढंच म्हटलं, "चार लोकांत माझी मान कापलीस." मग रात्रीच्या जेवणापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. आई जाऊन सहा वर्षं झालेली; मधे पडायला घरात तिसरं कुणी नव्हतं. जेवताना आरफा म्हणाली, "अब्बा, डोळ्यांचं मी काही बोलले नाही." चांदभाईंनी ताट सरकवलं. "त्येवढं तरी ठेवलंस म्हणायचं," ते म्हणाले आणि उठून गेले. आरफाला वाटलं होतं की आपण चुकलो म्हणून माफी मागावी. पण तोंडातून निघेना. ती चुकली होती ती सीलमध्ये. बोलण्यात नव्हती चुकली, आणि कुणी काही म्हटलं तरी ते तिला पटणार नव्हतं.

सोमवारी सकाळी आठ वाजता तिने शटर वर केलं आणि बघते तर काय! लष्कराच्या भिंतीला लागून गाड्यांची रांग. आठ-नऊ तर सहज असतील. मामांनी कामगिरी चोख केली होती. माणसं रागात होती. फसवलं, म्हणत होती. एकाने तर आल्या आल्या गाडीची चावी टेबलावर आपटली.

"रांगेनं या," आरफा म्हणाली. "ओरडायचं नंतर. आधी गाडी."

तिने पहिली गाडी खड्ड्यावर घेतली. ती दिघीच्याच एका निवृत्त सुभेदारांची. सुभेदार हाताची घडी घालून काठाशी उभे. आरफाने खाली जाऊन जोड तपासले, वर येऊन टॅपेट कव्हर तपासलं, ऑइल बघितलं. "कोरडी आहे. हात लावून बघा." सुभेदारांनी बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. दुसरी गाडी, कोरडी. तिसरीचा एक नट सैल होता; आरफाने तो तिथल्या तिथे आवळला आणि म्हणाली, "हा माझा राहिला होता. चूक माझी." मालकाने वाकून तो नट स्वतः चाचपून बघितला.

साडेनवाला जयसिंगमामा स्वतःच्या गाडीतून आले, तमाशा बघायला. शेजारी विजयश्री, तिला या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती. मामांनी गाडी सगळ्यांच्या पुढे आणून आडवी लावली. आरफाने खड्ड्यातूनच मान वर केली.

"मामा, तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स दिवाळीत कुणी उघडला होता, आठवतंय? मीच. तपासून हवा असेल तर मागं जाऊन रांगेत लावा."

रांगेतली माणसं खो खो हसली. रागातली हवा तिथे पहिल्यांदा गेली. मामा पुटपुटत परत गाडीत बसले, ती मागे घेतली आणि खरंच रांगेच्या शेवटी लावली. गिअर टाकताना आवाज येत होता म्हणे दोन महिने, काय करणार!

पण सगळेच काही हसले नव्हते. सुभेदार अजून गेले नव्हते. ते चांदभाईंच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले. चांदभाई सकाळपासून तिथेच बसून होते.

"भाई," सुभेदार म्हणाले, "माझी गाडी ठीक निघाली, मान्य. पण मी हात तुमचा बघितला होता. तुम्ही स्वतः उठा आणि खड्ड्यात उतरून एकदा बघा. तुम्ही ठीक म्हणालात की मी जातो. पोरीचं मला माहीत नाही."

"होय भाई, तुम्हीच बघा," मागून दोघं-तिघं म्हणाले.

आरफा खड्ड्यात ताठ झाली. आता? अब्बा नेहमीसारखं काहीतरी बोलून वेळ मारून नेतील. गुडघा दुखतो म्हणतील. ती कान देऊन उभी राहिली.

चांदभाई उठले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"मला दिसत न्हाई," ते म्हणाले.



"दोन वर्सं झाली. सुभेदार, तुमी उभे हाय ते मला आवाजावरून कळतंय. तोंड न्हाई दिसत. गाडी तर लांबच ऱ्हायली. कुणाला कळू नये म्हणून मी हिचं काम माझं म्हणून सांगितलं. हात ठेवला तो हिच्या भरवशावर ठेवला. लबाडी झाली, ती माझी. शरम वाटली मला. म्हाताऱ्या मिस्त्रीला काय ऱ्हातंय, नावच ऱ्हातंय, ते सोडवंना." त्यांनी खड्ड्याच्या दिशेने तोंड वळवलं. "काल ही पोरगी माझ्यावर ओरडली. मी रात्रभर इचार केला, की मी चूक अंगावर घेतली तर हिला राग का यावा? मग कळलं. मी हिचं कायबी ठेवलं नव्हतं. आता माझ्याकडं येऊ नका. गाडी हिनं केलीय. माझ्यापेक्षा चांगली केलीय. तिच्यावर भरवसा नसंल तर दुसरं गॅरेज बघा, भोसरीत रग्गड हायत."

 सुभेदार खड्ड्याच्या काठाशी येऊन वाकले आणि म्हणाले, "सहा महिन्यांनी परत आणू का, बाळ?"

"आणा," आरफा म्हणाली. 

विजयश्री पुढे आली. "आणि माझ्या गाडीचा नंबर कधी?"

"तुमची गाडी?" श्यामरावांनी बाजूने विचारलं. ते कधी आले होते ते कुणालाच कळलं नव्हतं. "म्हणजे तुम्ही घेताय?"

"विजे, येडी का काय तू!" रांगेच्या टोकाहून मामा ओरडले.

"मामा, मी सात वर्षं तपासणीच्या टेबलावर आहे," विजयश्री वळून म्हणाली. "चूक सापडली की अख्खी लाइन एकमेकांकडं बोट दाखवते. 'माझी' म्हणणारी मी ही पहिली बघतेय. पहाटे पाचला रस्त्यावर मला हिचाच फोन नंबर हवा."

"तुमची आताच घेते," आरफा म्हणाली. "ती मी बिघडवलीय, तिचा नंबर पहिला. गिअरबॉक्स उतरवते, सील तुमच्या समोर बदलते. वरचं पॅकिंगपण. बाकीच्यांनी थांबायचं. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी जा."

कुणी गेलं नाही. श्यामरावांची गाडी खड्ड्यावर आली. आरफा खाली उतरली. जोडाचे बोल्ट एकेक करून निघाले; शेवटचे दोन मागच्या बाजूला अडचणीत होते. तिने एक हात वर घालून गिअरबॉक्सला आधार दिला, दुसऱ्याने चाचपून त्यांतला एक शोधला, आणि लक्षात आलं की त्याला लागणारा पाना वर काठावर राहिलाय. आधार सोडून चढता येईना.

"कुणीतरी बारा-तेराचा पाना द्या," तिने हाक मारली.

विजयश्री पेटीकडे वळली. पण त्याआधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चांदभाई हाताने गाडीची कड धरत, पाय घासत काठाशी आले, गुडघे मोडून खाली बसले, आणि पेटीत हात घालून एकेक लोखंड बोटांनी चाचपायला लागले. दहा-अकरा बाजूला ठेवला. चौदा-पंधरा बाजूला ठेवला. मग एक पाना उचलून त्याचं तोंड अंगठ्याने मोजलं आणि खड्ड्यात हात लांब केला.

"घे," ते म्हणाले. "आन् फुडचा कुठला लागंल ते आधी सांग. मिस्त्रीनं असं थांबून ऱ्हायचं नसतं."